पायरीशी उभी राहिलेली सहाशे वर्षं

चूल आवरून, गोठा झाडून, रानातून दमून येऊन तुम्ही रेडिओ लावला असेल. हातात काम असेल तर ते चालू द्या. कान इकडे ठेवा. आज आपण एका छोट्या शब्दाबद्दल बोलणार आहोत. तो शब्द आहे धीर.

बाईला हा शब्द जन्मभर ऐकायला मिळतो. मूल होत नाही, धीर धर. नवऱ्याची दारू सुटत नाही, देवाचं नाव घे, धीर धर. पावसानं ओढ दिली, माहेरी हिस्सा मिळेना, सातबाऱ्यावर नाव लागेना, तरी धीरच धर. सांगणारीचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. आणि त्यात खरंही काही आहे. पहाटे देवापुढे दिवा लावला, दोन शब्द मनातलं बोललं, की दिवस रेटायला बळ येतं. हे तुमच्या माझ्यासारख्या बायांना कुणी पटवून द्यायला नको.

पण कधी तरी मनात येतंच. हा धीर मला देव शिकवतोय, की मी गप्प बसावं म्हणून माणसं शिकवतायत?

हा प्रश्न आपल्याला आज पडलेला नाही. पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी तो सहाशे वर्षं उभा होता. त्याचाच इतिहास आज सांगते.

सुरुवात करू पुंडलिकापासून. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता. देव दाराशी आला. पुंडलिकानं हातातली सेवा सोडली नाही. वीट फेकली आणि म्हणाला, यावर थांब, माझं काम होऊ दे. देव कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभाच आहे. आता बघा, जगात सगळीकडे माणूस देवाची वाट बघतो. आपल्या पंढरपूरच्या गोष्टीत मात्र आधी देवच माणसाची वाट बघतो. आणि तोही रागावत नाही. आईबापाचे पाय चेपणारा माणूस आपल्याला ताटकळत ठेवतोय, हे त्याला आवडतं. म्हणजे वारकऱ्यांच्या घरात धीर ही काही फक्त गरिबानं आणि बाईनं धरायची गोष्ट नव्हती. देवानंही ती धरली होती. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागेल.

आता जनाबाईकडे येऊ. जनाबाई परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला आली. तिथेच नामदेव वाढला. नामदेवाचा काळ १२७० ते १३५० असा मानतात, म्हणजे जनाबाईही त्याच काळातली. घर मोठं, माणसं पुष्कळ, आणि दळण, कांडण, पाणी, शेणी, झाडलोट सगळं जनीच्या अंगावर. नामदेव कीर्तनाला जाई. जनीला देवळात निवांत बसायला वेळ कुठला? मग तिनं काय केलं? तिनं जातं मांडलं तिथेच देवाला बोलावलं.

तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. त्यांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, रानात शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिच्या डोक्यातल्या उवाही काढतो. देवानं बाईच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात, असं लिहायला केवढं धाडस लागलं असेल! आजही पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. वारीला गेलेल्या बाया तिथे हात लावून येतात.

जनाबाईची प्रार्थना कामातून वेळ काढून केलेली नव्हती. ती कामातच होती. आणि ती नुसती गोडगोडही नव्हती. देव आला नाही तर जनाबाई त्याला चक्क शिव्या घालते, भांडते. पुन्हा पहाट झाली की त्यालाच हाक मारते. घरच्या माणसाशी आपण असंच वागतो ना? परक्यापुढे आपण तोंड दाबून बसतो. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्यापाशीच रागावता येतं. जनाबाईचा भरवसा तसा होता.

तिच्यानंतर सहा-सातशे वर्षं गावागावांतल्या बाया पहाटे जात्यावर बसून ओव्या गात राहिल्या. पहिली ओवी देवाला, मग आईला, भावाला, लेकराला. सासरचा जाच, माहेरची आठवण, नवऱ्याचा राग, दुष्काळ, सगळं त्या ओव्यांत आलं. पुढे बाबासाहेबांवरच्या ओव्याही आल्या. वीज आणि गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या दोघा अभ्यासकांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव फिरून या ओव्या लिहून घेतल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! ज्या बाईला कुणी विचारत नव्हतं, तिनं रोज अंधारात बसून देवापाशी आपलं म्हणणं मांडलं होतं. जमिनीच्या दप्तरात तिचं नाव नाही, पण या ओव्यांत तिचा आवाज आहे. रोजच्या प्रार्थनेचं हे एक मोठं काम आहे. जे बोलायला दुसरी जागा नाही, त्याला ती जागा देते.

आता चोखोबाच्या घरी जाऊ. चोखोबा मंगळवेढ्याचा. जातीनं महार. काम गावकीचं, मेलेली ढोरं ओढण्याचं, पडेल ते. मंगळवेढ्याहून पंढरपूर पायी एका दिवसाच्या वाटेवर. तो दर्शनाला जाई, पण आत जायची मुभा नाही. दाराबाहेर उभं राहायचं, आत टाळ वाजतायत ते ऐकायचं आणि परत फिरायचं. देवाच्या गळ्यातला हार याच्यापाशी सापडला म्हणून त्याला मारहाण झाली, अशीही कथा सांगतात.

चोखोबाचं नाव आपण ऐकलेलं असतं. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, हे सगळे अभंग रचत होते, हे फार जणींना ठाऊक नसतं. एका महाराच्या घरात, सातशे वर्षांपूर्वी, दोन बाया कविता करत होत्या!

सोयराबाईला बरीच वर्षं मूल नव्हतं. गावातल्या बायका काय बोलत असतील हे तुम्हाला सांगायला नको. तिच्या अभंगांमधून एक कथा येते. चोखोबा घरी नसताना विठ्ठल म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या रूपानं दाराशी आला आणि जेवायला मागू लागला. ती घाबरली. आपल्या हातचं याला कसं द्यायचं? पण भुकेल्या माणसाला परत कसं लावायचं? तिनं वाढलं. पुढे तिला दिवस गेले. बाळंतपणाच्या वेळी चोखोबा बहिणीला आणायला गेलेला, घरात दुसरी बाई नाही. तेव्हा विठ्ठल नणंदेचं, निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं तिचं बाळंतपण केलं, अशी ती कथा आहे.

हे असंच घडलं का, असं विचारू नका. हे कुणाला सांगावंसं वाटलं, ते बघा. ज्या घराला अख्खं गाव शिवत नाही, त्या घरात बाळंतिणीजवळ यायला कुणी तयार नाही, तिथे देव हात ओले करतो. सोयराबाईचा भरवसा या एका गोष्टीत सामावला आहे. माणसं टाळतील, देव टाळणार नाही.

पण ती तिथे थांबत नाही. ती विचार करू लागते. विटाळ विटाळ म्हणतात, तो असतो कुठे? देहातच ना? मग देह कुणाचा आहे? ब्राह्मणाला काय देहाशिवाय जन्म मिळाला? ज्या विटाळातून सगळी माणसं जन्माला येतात, त्याच विटाळाच्या नावानं मला बाहेर का ठेवता? असा तिच्या एका अभंगाचा अर्थ आहे. शाळा नाही, पुस्तक नाही, देवळात पाऊल नाही, आणि बाई केवढा मोठा प्रश्न विचारते! तिनं तो जातीसाठी विचारला, पण आपण बायांनी तो आपल्यासाठीही ऐकायला हवा. आजही पाळीच्या चार दिवसांत कितीतरी घरांत बाईला बाजूला बसवतात. सोयराबाई सातशे वर्षांपूर्वी विचारून गेली आहे. उत्तर द्यायचं अजून बाकी आहे.

तिचा मुलगा कर्ममेळा तर आणखी पुढे जातो. बाप समजूत घालतो, आई प्रश्न विचारते, मुलगा थेट देवाशीच वाद घालतो. आम्हाला असा जन्म देऊन तुला काय मिळालं, असं तो विचारतो. एकाच घरात, एकाच देवावर भरवसा ठेवणारी तीन माणसं. एक वाट बघतो, एक विचारते, एक भांडतो. तिघांनाही आपण संत म्हणतो. म्हणजे देवाला विचारणं हा भक्तीला बट्टा नाही, हे आपल्या परंपरेनं कधीच मान्य केलं होतं.

चोखोबाचा शेवट मात्र ऐकवत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. त्या कामावर तो होता. १३३८ साली कूस कोसळलं आणि मजूर खाली गाडले गेले. चोखोबाही गेला. नामदेव तिथे पोचला आणि त्यानं हाडं वेचली. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबाची, असं ओळखून ती पंढरपूरला आणली, अशी कथा सांगतात. महाद्वारासमोर त्याची समाधी बांधली. तिथेच जवळ नामदेवाची पायरी आहे. नामदेवानं पायरी मागून घेतली, येणाऱ्याजाणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून. चोखोबाला मात्र मरणानंतरही दाराबाहेरचीच जागा मिळाली.

आणि मग पुढच्या शेकडो वर्षांत काय झालं? चोखोबाच्या समाधीलाच लोकांनी हद्द करून टाकलं. महार, मांग, चांभार वारकऱ्यांनी तिथपर्यंत यायचं, माथा टेकायचा, आणि मागे फिरायचं. ज्या माणसाच्या भक्तीचं देवळात कौतुक चाले, कीर्तनात ज्याचे अभंग गायले जात, त्याच्याच नातवंडा-पतवंडांना दाराशी अडवत. कीर्तनकार सांगत, बघा चोखोबाचा धीर कसा होता! ऐकणारे माना डोलावत. दार उघडायचं मात्र कुणी मनावर घेत नसे. इथे आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं. चोखोबाचा धीर खरा होता. पण दुसऱ्यांनी त्या धीराचं कुलूप करून दाराला लावलं.

विसाव्या शतकात हे कुलूप हलवायला सुरुवात झाली. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानं नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. बायाही मोठ्या संख्येनं होत्या. अंगावर दगड आले, अटका झाल्या. पाच वर्षं उलटली तरी दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्म बदलण्याचा निर्धार सांगितला.

याच काळातली एक घरातली गोष्ट आहे. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई फार भाविक होत्या. उपास-तापास करत. त्यांना एकदा पंढरपूरला जायचं होतं. चार लेकरं पोटची गमावलेली बाई, देवाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटणार नाही का? पण गेल्या असत्या तरी त्यांना दुरूनच हात जोडून परतावं लागलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं की, जी पंढरी आपल्या भक्तांना देवाजवळ येऊ देत नाही तिचं काय घेऊन बसायचं, आपण आपल्या कामानं दुसरी पंढरी उभी करू. रमाबाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पंढरपूरचं दार त्यांच्यानंतर बारा वर्षांनी उघडलं. मैत्रिणींनो, धीराच्या गोष्टी सांगताना ज्यांचं वाट बघणं पुरं झालं त्यांच्याच गोष्टी आपण सांगतो. रमाबाईंसारख्या कितीतरी बाया वाट बघता बघता गेल्या, त्यांचीही आठवण ठेवायला हवी.

आता १९४७ साल. स्वातंत्र्य दाराशी आलेलं. साने गुरुजींच्या मनाला एकच टोचणी होती. देश मोकळा होणार आणि विठोबा बंदिवान राहणार? गुरुजींचं नाव पांडुरंग, पांडुरंग सदाशिव साने. ‘श्यामची आई’ लिहिणारे हेच गुरुजी. आईच्या आठवणीनंही ज्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, असा मऊ माणूस. पण त्यांनी ठरवलं, हे दार उघडल्याशिवाय राहायचं नाही.

त्यांनी एकदम उपोषणाला सुरुवात केली नाही. आधी महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगाव सभा घेतल्या, लोकांना विनवलं. कितीतरी गावांनी आपली देवळं आणि पाणवठे तेव्हा सगळ्यांसाठी खुले केले. पंढरपूरचं दार मात्र उघडेना. तेव्हा १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. बसायला जागा द्यायलाही लोक कचरत होते. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. हे महाराज वारकरीच होते, हे लक्षात घ्या. दार बंद ठेवणारे विठ्ठलाचं नाव घेत होते आणि दार उघडा म्हणणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते.

दहा-अकरा दिवस गुरुजी अन्नाविना होते. शेवटी मंदिर सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला. पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनं अस्पृश्यताच बेकायदा ठरवली. १३३८ ते १९४७. मोजून बघा, सहाशे नऊ वर्षं. आणि २०१४ साली, बडवे आणि उत्पात यांचे वंशपरंपरेचे हक्क न्यायालयात संपल्यावर, पुजेच्या कामासाठी मंदिर समितीनं सगळ्या जातींच्या लोकांकडून आणि बायांकडूनही अर्ज मागवले. सोयराबाईच्या प्रश्नाला मिळालेलं हे उशिराचं उत्तरच म्हणायचं.

बाबासाहेबांनी मात्र चोखोबाला विसरून टाकलं नाही. १९४८ साली अस्पृश्यांच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं. ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या आठवणीला वाहिलं. ज्यांनी देवळाचा नाद सोडा असं सांगितलं, त्यांनीच दाराशी उभ्या राहिलेल्या भक्ताला मान दिला.

मग या सगळ्यातून आपण घ्यायचं काय?

मला वाटतं, देवावर भरवसा ठेवणं आणि हात बांधून बसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनाबाई वाट बघत होती, पण तिचं दळण थांबलं नव्हतं. सोयराबाई वाट बघत होती, पण तिनं विचारायचं सोडलं नव्हतं. साने गुरुजींनी प्रार्थना केली आणि गावोगाव पायपीटही केली. पुंडलिकानं तर देवालाच थांबवलं, कारण हातातलं काम त्याला देवाचंच वाटत होतं.

काही गोष्टी खरोखर आपल्या हातात नसतात. पेरणी झाली, आता पाऊस पडेल तेव्हा पडेल. आजारी माणसाला दवाखान्यात नेलं, औषध सुरू झालं, आता उतार पडायला वेळ लागणार. तिथे नाम घ्यावं, धीर धरावा, एकमेकींचा हात धरावा. तिथे धीरासारखं औषध नाही.

पण काही गोष्टी माणसांच्या हातात असतात. पाऊस देवाच्या हातात आहे, सातबारा तलाठ्याच्या हातात आहे. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ सालच्या कायद्यानं दिलेला आहे. तो वाट बघून मिळत नाही, अर्ज करून मिळतो. घरात मार पडत असेल तर तो देवानं पाठवलेला नाही. तिथे धीर धर असं बाईला सांगू नका, तिच्या सोबत उभ्या राहा. आणि गावातल्या एखाद्या देवळात, पाणवठ्यावर, लग्नाच्या पंगतीत कुणाला आजही वेगळं बसवत असतील, तर तिथे चोखोबाच्या धीराची गोष्ट सांगू नका. तिथे दार उघडा.

कुणी तुम्हाला धीर धर म्हणालं, तर मनात एवढंच तपासा. हे दार देवानं लावलंय की माणसानं? देवानं लावलं असेल तर पायरीशी बसू, नाव घेऊ. माणसानं लावलं असेल तर नाव घेता घेता कडी वाजवू.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. आपल्या गटातल्या प्रत्येकीला विचारा, तू कशाची वाट बघते आहेस? मग सगळ्या मिळून ठरवा, त्यातलं कुठलं देवावर सोपवायचं आणि कुठल्यासाठी सोमवारी तालुक्याला जायचं. आणि ज्यांच्या घरात अजून जुनी आजी आहे, त्यांनी तिला जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा. तिनं कुणाची किती वाट बघितली, ते त्या ओवीतून कळेल.

राम कृष्ण हरी म्हणणाऱ्यांना राम कृष्ण हरी, जय भीम म्हणणाऱ्यांना जय भीम, आणि सगळ्यांनाच माझा नमस्कार.